शेवंतीची पाठवणी

लग्न होऊन मी आंजीला आले तेव्हा माझ्या सासूबाईंना लेक नव्हती. वर्ष उलटायच्या आत झाली. ती चार पायांची होती आणि तिचा थाट माझ्यापेक्षा मोठा होता.

मी वर्ध्याच्या फुलफैल वस्तीतली. मॅट्रिक झालेली, नळाच्या पाण्यावर वाढलेली आणि जरा तोंडाळ. सासूबाईंचं नाव भागीरथाबाई, पण घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत. सासरे आधीच गेले होते. घरात बाई, त्यांचा एकुलता एक मुलगा कवडू, म्हणजे माझा नवरा, आणि मी. नवऱ्याचं नाव कवडू आहे हे ऐकून माझ्या मैत्रिणी पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. पण त्या नावामागे हसण्यासारखं काही नव्हतं. बाईंची पहिली मुलगी पाळण्यातच गेली. मग मुलगा झाला तेव्हा बाईंनी त्याला सुईणीच्या ओटीत टाकलं, एका कवडीला विकलं आणि पुन्हा तिच्याकडून मागून घेतलं. मूल दुसऱ्याचं झालं की मरण त्याच्याकडे फिरकत नाही, असा आमच्याकडचा समज. कवडू जगला. मुलीचं नाव बाईंनी माझ्यासमोर कधी काढलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

एकोणऐंशी सालचा फाल्गुन होता. गहू कापणीला आला होता. सकाळी कवडू शेतात गेला तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक हरणी मरून पडलेली. मागच्या पायात बंदुकीचे छर्रे आणि गळ्यावर कुत्र्यांचे दात. लंगडत लंगडत आमच्या शेतापर्यंत आली असणार आणि तिथे कुत्र्यांना सापडली असणार. जवळच गव्हात तिचं पाडस दडून बसलं होतं, कान मागे पाडून, हूं नाही की चूं नाही. कवडूने ते खांद्यावर टाकून घरी आणलं. बाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाच्या हातानेच त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "पोरगी हाय." त्या दिवशी भाकरी मी थापल्या, आणि पुढेही मीच थापत राहिले.

तिचं नाव शेवंती ठेवलं. काळविटाची मादी, अंगावर तसाच पिवळसर रंग. शेळीच्या दुधावर वाढली. पुढे तिला तुरीची डाळ आवडायला लागली, मग गूळ, मग मी निवडून ठेवलेली अंबाडीची भाजी. सुपात तोंड घालायची आणि मी हात उगारला की बाईंच्या लुगड्यामागे जाऊन उभी राहायची. तिथून माझ्याकडे अशी बघायची की मीच चोर. संक्रांतीला बाईंनी तिचे कान टोचून घेतले. माझ्यासाठी बांगड्या भरायला कासाराला बोलवायचं तर बाई तीनदा विचार करत, पण हिच्यासाठी सोनाराला घरी बोलावलं. मी कवडूजवळ कुरकुरले तर तो म्हणाला, "तुह्ये तं टोचलेलेच हायेत." असा नवरा.

पण खोटं कशाला बोलू, रात्री जात्याजवळ ती अंग मुडपून झोपायची तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय मलाही झोप येत नसे.

आमच्या गावावरून कोसभर वर गेलं की सरकारी रमना होता. रमना म्हणजे राखीव गवताचा माळ. झाड म्हणाल तर एखादी बोर, एखादा पळस, बाकी नजर पोचेल तिथवर गवत. पूर्वी तिथे काळविटांचे कळप असत म्हणे. मी आले तेव्हा गावची गुरं दिवाळीपासूनच तिथे घुसायची आणि होळीपर्यंत माळ खरडून काढायची. आणि दिवस कलला की नागपूरकडच्या जीपा यायच्या. दोन-चार हौशी माणसं, बंदूक, थर्मास. बार ऐकू आला की गावातले लोक म्हणत, पाहुणे आले.

कायदा नव्हता असं नाही. तो बहात्तर सालीच दिल्लीत झाला होता. काळविटाला मारलं तर तुरुंग, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. पण दिल्लीहून निघालेला हा कायदा आंजीला पोचेपर्यंत मध्ये कुठल्या स्टेशनावर गाडी बदलायला उतरला आणि बाकड्यावर झोपून गेला, देव जाणे. आमच्याकडे तो एक्याऐंशी साली आला. नवीन रेंजर आले, कडक माणूस. आल्या आल्या त्यांनी रमन्याच्या वाटेवर चर खोदून जीपा बंद केल्या, गुरांना मनाई केली, आणि बाजाराच्या दिवशी दवंडी पिटवली की ज्याच्या घरी जंगली जनावर असेल त्याने ते आणून द्यावं, नाहीतर गुन्हा दाखल होईल.

बाईंनी दवंडी ऐकली, पण ती आपल्याला लागू आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. जंगली जनावर म्हणजे वाघ, लांडगा. शेवंती तर घरची.

दिवाळीनंतर एक दिवस रूपराव आला. रमन्यावरचा नवा वनरक्षक. आर्वीकडचा, नुकतीच नोकरी लागलेली, खाकी कपडे अंगावर अजून कडक. अंगणात येऊन उभा राहिला आणि शेवंती सरळ त्याच्याजवळ गेली. त्याचा हात हुंगला, बोट चाटलं. त्याच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं आणि लगेच त्याने ते आवरलं.

"बाई, हे ठेवता येत नाई," तो म्हणाला.

"कोन हे?"

"हरन."

"इथं हरन नाई. माही लेक हाय ते."

रूपरावाने टोपी काढली, घाम पुसला आणि समजावून सांगायला लागला. कायदा काय आहे, शिक्षा काय आहे. बाई सूप पाखडत राहिल्या. त्याचं संपल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"हिच्या मायले मारलं तवा कुठी गेलता तुमचा कायदा? कुत्रे लचके तोडून राह्यले होते. तवा नाई आला कोनी टोपी घालून. अन् आता आमी वाढवली तं आमीच चोर?"

"तवा कायद्याले पाय नव्हते, बाई," रूपराव म्हणाला. "आता फुटून राह्यले. तुमाले एकीले सूट देली तं उद्या जीपवालाबी म्हनन, मीनंबी घरी पोसलं होतं, माह्यं मी कापलं. सैल कायदा पहिले त्याच्याच कामी येते."

 मला वाटलं, बाई आता रडतील. पण बाईंचा राग नेहमी आडवाटेनं निघायचा.

"लेक न्यायले आला, अन् रिकाम्या हातानं आला," त्या म्हणाल्या. "अशे कुठले जावईबापू तुमी? वरात नाई, वाजा नाई."

मी फस्सकन हसले. रूपराव लाल झाला आणि पाणीही न पिता निघून गेला. पाणी न पिण्याचं कारण मला संध्याकाळी कळलं. तो बौद्धांपैकी होता आणि आमच्या ओसरीवर त्याच्यासाठी पाणी निघेल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. पाणी काढायचं खरं तर मलाही सुचलं नव्हतं.

त्यानंतर तो दर आठ-दहा दिवसांनी यायचा. गुन्हा दाखल करायचा नाही, नुसता अंगणात उकिडवा बसायचा आणि रमन्यावरच्या गोष्टी सांगायचा. गुरं बंद झाल्यापासून गवत कसं कमरेला लागतंय, कुठून कुठून हरणं परत येताहेत, एक काळा नर कसा ऐटीत फिरतो. बाई ऐकत नसल्यासारखं करत. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "इथं ठेवली तं काय होईन तिले?"

"काई नाई होनार," तो म्हणाला. "खाईन, पिईन, म्हातारी होईन. पन तिले लेकरू नाई होनार कधी. अन् एखाद्या दिवशी वाटेवर जीप थांबन, तं ही गूळ मागाले जाईन तिच्याजवळ."

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. सकाळी उठून त्यांनी कवडूला जवळ बसवलं. एवढा मिशाळ माणूस, पण त्याचं तोंड कुरवाळून म्हणाल्या, "तुले मीनं दुसऱ्याच्या ओटीत टाकलं म्हनून तू जगला. इले माह्याच ओटीत धरून ठेवली तं कशी जगन?" कवडू उठला. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. मी चुलीत फुंकर घालत बसले, धूर नसताना.

संक्रांत झाली आणि शेवंतीची पाठवणी ठरली. बाईंनी साफ सांगितलं की माझी लेक जप्तीत जाणार नाही, सासरी जाईल. रूपरावाला जेवायला बोलावलं. तो पायरीशीच थांबला. बाईंनी आत पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चाला जावईबापू, वडे गार होऊन राह्यले."

शेजारच्या मंदाबाई माझ्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यांनी नाक मुरडलं. "भागीरथाबाई, पाट कोनासाठी हाय?"

"जावयासाठी," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी पायरीवर बसवत असान जावयाले. आमच्यात पाट देतेत."

मंदाबाई वाण न घेताच गेल्या. रूपराव पाटावर बसला. पहिला घास त्याने बराच वेळ चावला. मी वाढत होते म्हणून मला दिसलं, त्याचे डोळे भरले होते. मग म्हणाला, "तिखट हाय वडा." माझा वडा अजिबात तिखट नव्हता.

जेवणं झाल्यावर शेवंतीला हळद लावली, कुंकू लावलं, पाठीवर खण टाकला. ओटी भरायला तांदूळ घेतले तर ते तिने तिथेच खाऊन टाकले आणि खोबऱ्याच्या वाटीकडे मान वळवली. जमलेल्या बाया हसल्या. बाई हसता हसता रडायला लागल्या आणि मग सगळ्यांनाच रडू आलं, मलासुद्धा, जिची अंबाडी दोन वर्षं हिने खाल्ली होती.

निघायच्या वेळी बाईंनी पेटीतून एक पितळी घंटी काढली. लाल गोफात ओवून ती शेवंतीच्या गळ्यात बांधली.

"आता कोनी हात नाई लावनार," त्या म्हणाल्या. "कोनाची तरी हाय हे समजन."

ते आम्हां सगळ्यांना पटलं. गळ्यात घंटी असलेलं जनावर म्हणजे कोणाचं तरी, त्याला धनी आहे, त्याला मारलं तर भांडण होईल. आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं. रूपरावाचं बालपणही गुरांमागेच गेलेलं, त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट म्हणाला, बरं झालं, मलेबी आवाजावरून सापडन. पडद्याच्या दमणीत बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, कवडूने बैल हाकले आणि रमन्याच्या कडेला तिला सोडून आम्ही परत आलो. ती आमच्यामागे बरीच लांब पळत आली. शेवटी रूपरावाने तिला गूळ दाखवून थांबवून धरलं.

घर सुनं सुनं झालं. भाजी निवडून सुपात ठेवली की ती तशीच राहायची, आणि मला त्या सुपाचा राग यायचा.

बाईंचं मात्र भलतंच झालं. ज्या रमन्याच्या मनाईवरून त्यांनी रेंजरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, त्याच रमन्याची राखण त्या आता स्वतः करायला लागल्या. कोणाची म्हैस तिकडे वळलेली दिसली की ह्या काठी घेऊन आडव्या. नत्थू म्हणून आमच्या गल्लीतला एक होता, तो वैतागून म्हणाला, "बाई, मागच्या साली तुमच्याच गाई चरत होत्या ना तिथं?" बाई म्हणाल्या, "मागच्या साली तिथं माही लेक नांदत नव्हती." गुरांना चारा कमी पडला हे खरं होतं. आम्हीही त्या वर्षी कडबा विकत घेतला. कवडू कुरकुरला तर बाईंनी त्याला एका नजरेत गप्प केलं.

रूपराव यायचा, पाटावर बसायचा आणि बाईंना खबर द्यायचा. मजेत हाय, चरून राह्यली, काल पानवठ्यावर दिसली. बाई एकेक गोष्ट तीनतीनदा विचारत. घंटी हाय ना गळ्यात? हाय. रंग उतरला तं नाई तिचा? नाई. पण होळी जवळ आली तसा तो कमी बोलायला लागला. बाईंनी विचारलं की मान हलवायचा आणि पाण्याचा पेला उचलायचा. मी काही बाईंसारखी तेवढ्यावर थांबणारी नव्हे. मी त्याला एक दिवस अंगणाबाहेर गाठलं.

"मेली का?" मी सरळ विचारलं.

"नाई वैनी. जित्ती हाय."

"मग तोंड असं का पाडलंय?"

तेवढ्यात बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. आता लपवून उपयोग नव्हता. तो भिंतीला टेकला आणि सांगायला लागला.

"एकटी हाय वो ती, बाई. सोडली तवापासून एकटीच हाय. कळप दिसला का हे धावत जाते त्याच्याकडे. घंटी वाजते, अन् सारा कळप उधळते. हे त्याच्या मागं धावते, तं घंटी आनखी वाजते, ते आनखी पळतेत. मंग उभी राह्यते मधात, इकडं तिकडं पाहात. मी रोज पाहून राह्यलो. जीव तुटते."

बाईंनी अंगणाच्या दाराची चौकट धरली.

"अन् परवा दिवस बुडता जीप आलती. चर बुजवून घुसले होते. सारे हरनं पार झाले. ही नाई गेली. ही त्याह्यच्या दिव्याकडं चालत गेली, घंटी वाजवत. त्यानं बंदूक खिडकीतून काढली होती. मी मधात जाऊन उभा राह्यलो, दुसरं काई सुचलंच नाई. पकडले दोघंबी. केस झाली, बंदूक जप्त झाली, जामीन अजून नाई. पहिले असं होत नव्हतं, बाई, दोन शब्द सुनावून सोडून देत. आता कायद्यात दम हाय." तो बाईंकडे वळला. "पन तिच्या मनात भेव नाई. कायदा मानसाले भेव घालते. तिले कोन घालनार? दर खेपी मी असनच असं नाई ना."

"घंटी काहाड मंग," बाई म्हणाल्या. "काऊन नाई काहाडली?"

"माह्या हाताले नाई येत आता. गूळ घेते अन् हुलकावनी देते. तुमच्याशिवाय कोनाले गळ्याले हात नाई लावू देनार ते." मग खाली बघत हळूच म्हणाला, "अन् घंटी काहाडूनच भागनार नाई, बाई."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. मला मात्र तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रमन्यावर गेलो. चैत्र लागला होता. गवत वाळून पांढरं झालं होतं, पण उभं होतं, माझ्या कमरेला लागत होतं. एवढ्या गवतात मी पहिल्यांदाच शिरत होते. लांब एका उंचवट्यावर कळप चरत होता. रूपरावाने बोट दाखवलं तेव्हा त्यातला काळा नर दिसला, शिंगं पिळदार, मान ताठ. कळपापासून बरंच अलीकडे, एका पळसाखाली ती उभी होती. एकटी. लग्नघरी ओळखीचं कोणी न भेटलेल्या पाहुणीसारखी.

"शेवंते," बाईंनी हाक मारली. एवढीच, मोठ्यानेही नाही.

ती आली ती वाऱ्यासारखी. घंटी खणखणत होती. कळपाने माना वर केल्या आणि थोडा मागे सरला. ती बाईंच्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली, कमरेला डोकं घासलं, गुळाची गाठ शोधली. बाईंनी गूळ आणला नव्हता. बाई, आणि गूळ नाही. तेव्हा मला कळलं की त्या काय ठरवून आल्या आहेत.

त्या खाली बसल्या. गोफाची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. मानेवर जिथे गोफ घासला होता तिथले केस गेले होते, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. तिच्या कानात काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. मग उठल्या आणि गावाकडे चालायला लागल्या. आम्हीही निघालो. शेवंती आमच्या मागे.

बाई थांबल्या. ती थांबली. बाईंनी दोन्ही हात हलवून "हूर्र, हूर्र" केलं. ती कान टवकारून बघत राहिली, हा कुठला नवा खेळ म्हणून.

बाईंनी वाकून एक ढेकूळ उचललं. हात वर गेला आणि तसाच राहिला.

"द्या इकडे, मी मारते," मी म्हणाले. मला ते बघवत नव्हतं.

रूपराव माझ्याजवळ आला. "नाई वैनी. तुमी तं रोजच हात उगारत होत्या. तुमचं मारलेलं ते धरनार नाई. बाईनं मारलं तरच ते म्हनन, आता कोनावर भरोसा नाई ठेवाचा."

बाईंनी ढेकूळ फेकलं. ते तिच्या चार हात अलीकडे पडलं आणि फुटलं. शेवंती पुढे आली, मान खाली घालून ते हुंगलं, जिभेने चाटून बघितलं. तिला वाटलं गूळ आहे.

बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी नंतर कधी ऐकला नाही, माझ्या स्वतःच्या बाळंतपणातसुद्धा नाही. त्यांनी दुसरं ढेकूळ उचललं, मोठं, वाळून दगड झालेलं, आणि सगळा जोर लावून मारलं. ते तिच्या बरगडीवर बसलं. धप्प असा आवाज झाला. शेवंती जागच्या जागी उडाली. मागे सरली. बाईंकडे बघितलं. बाईंनी आणखी एक उचललं आणि ओरडल्या, "जाय! जाय माय, जाय!" ते तिच्या पायाला लागलं, आणि मग ती वळली आणि पळाली.

मी तिला कधी तशी पळताना बघितली नव्हती. आमच्या अंगणात तेवढी जागाच नव्हती. चारी पाय एकदम वर, एका उडीत कितीतरी गवत पार. घंटी नव्हती, त्यामुळे कसलाच आवाज नव्हता. ती थेट कळपाकडे गेली. कळप हलला, थोडा पांगला आणि थांबला. एका हरणीने पुढे येऊन तिला हुंगलं. काळ्या नराने एकवार आमच्याकडे बघितलं, पाय आपटला, आणि सगळे निघाले, उंचवट्यापलीकडे. त्यातली आमची कोणती ते मला ओळखू आलं नाही.

रूपराव पाठ फिरवून उभा होता. खांदे हलत होते त्याचे. बाई मटकन गवतात बसल्या. मातीने भरलेले हात त्यांनी मांडीवर उलटे ठेवले होते, जसे दुसऱ्या कोणाचे आहेत. मी त्यांच्याजवळ बसले. सासू-सुनेचं आमचं नातं तोवर भाकरी आणि भाजीपुरतंच होतं, पण त्या दिवशी मी त्यांचे ते हात माझ्या हातात घेतले आणि त्यांनी घेऊ दिले.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "प्रमिला, लागलं असन का वं तिले?"

नाही म्हणणं सोपं होतं. लहानसं तर ढेकूळ होतं, तिला काय होतंय, असं म्हणून त्यांना घरी नेता आलं असतं. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि खोटं बोलवलं नाही.

"लागलं, बाई," मी म्हणाले. "चांगलं लागलं."

बाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली. "मंग वाचन ते," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागल्या.